खाणीनंतरचं रान

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराला लागून डार्लिंग नावाची डोंगररांग दक्षिणेकडे जाते. तिथली जमीन कोकणातल्या माणसाला परकी वाटायची नाही. वर लालसर, भोकाभोकांचा टणक कातळ, त्याखाली तांबूस गोट्यांची सुटी माती आणि आणखी खाली पांढरट चिकणमाती. आपल्याकडे जांभा ज्या रीतीने तयार झाला त्याच रीतीने ही जमीनही घडली. लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, खडकातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. ॲल्युमिनियम जिथे भरपूर साठलं तो दगड म्हणजे बॉक्साइट. १९६३ साली अल्कोआ कंपनीने जाराडेल गावाजवळ हे बॉक्साइट काढायला सुरुवात केली. दगड रेल्वेने किनाऱ्यावरच्या क्विनाना इथल्या कारखान्यात जायचा आणि तिथे त्याचं ॲल्युमिना व्हायचं.

या बॉक्साइटच्या माथ्यावर जाराचं जंगल उभं होतं. जारा ही निलगिरीचीच एक जात, लाल आणि जड लाकडाची. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर या लाकडाचे ठोकळे फरसबंदीसाठी बसवले गेले होते. जाराच्या सोबतीला मोठ्या फळांचा मारी वृक्ष, त्याखाली बँक्सिया, आणि त्याखाली झुडपं, कंद, लव्हाळी, ऑर्किड यांची दाटी. ऑस्ट्रेलियाच्या या नैर्ऋत्य कोपऱ्यात वनस्पतींच्या सुमारे ८,००० जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. २००० साली नॉर्मन मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जैवविविधतेचे २५ हॉटस्पॉट मांडले, त्यांत हा कोपरा होता आणि आपला पश्चिम घाटही होता.

बॉक्साइटची खाण खोल नसते. सरासरी चार-पाच मीटरांचा थर निघतो, तोही सलग नाही, जंगलात ठिकठिकाणी. झाडं तोडायची, माती बाजूला करायची, कातळ सुरुंगाने फोडायचा, बॉक्साइट उचलायचं आणि पुढच्या जागेकडे वळायचं. मागे चिकणमातीचा उघडा तळ राहतो आणि त्याच्या चहूबाजूंनी जंगल. खाणीनंतर रान परत आणण्याचे जगभर जे प्रयत्न झाले, त्यांत इतक्या बारकाईने आणि इतकी वर्षं नोंदी ठेवलेली प्रकरणं फार थोडी आहेत. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, त्यातल्या यशासाठी आणि त्यातल्या अपयशासाठीही.

१९६६ पासून खड्डे सारखे करून झाडं लावायला सुरुवात झाली. पण जारा लावला नाही. कारण होतं फायटॉप्थोरा सिनॅमोमी, म्हणजे बाहेरून आलेला, मातीतून आणि पाण्यातून पसरणारा, मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव. जाराचे पट्टेच्या पट्टे कित्येक दशकं वाळत होते, त्याचं कारण १९६०च्या दशकात कुठे उमगलं. खाणीच्या गाड्यांच्या चाकांना चिकटलेल्या चिखलातून हा रोग पुढे सरकायचा. अशा जागी जारा लावून काय उपयोग, असा विचार करून लोकांनी पाइन लावले आणि पूर्व ऑस्ट्रेलियातल्या निलगिरी लावल्या. झाडं जगली, माती धरली गेली, वरून पाहणाऱ्याला डोंगर हिरवा दिसू लागला. खाली मात्र जाराच्या जंगलातली झुडपं फारशी आली नाहीत. ते एक लागवडीचं बन झालं, बस्स.

दोन दशकं असं चालल्यावर १९८८ पासून दिशा बदलली. यापुढे जारा, मारी आणि त्यांच्या सोबतीची इथलीच झाडं लावायची असं ठरलं. रोगाला तोंड देऊ शकणारी जाराची रोपं निवडून वाढवली गेली, गाड्या धुतल्याशिवाय एका भागातून दुसऱ्या भागात न्यायच्या नाहीत असे कडक नियम झाले. उद्दिष्टाची भाषाही बदलली. आता प्रश्न किती झाडं लावली असा उरला नाही. न खणलेल्या जंगलात जितक्या जातींच्या वनस्पती सापडतात, तितक्या खणलेल्या जागेवर सापडतात का, हा झाला. माझ्या मते या सगळ्या हकिगतीतला सर्वात मोठा बदल हाच होता, कारण मोजमाप बदललं की काम करणाऱ्याची नजर बदलते.

ती नजर आधी मातीकडे वळली.

जाराच्या जंगलात वाकून पालापाचोळा बाजूला केला की करड्या, खडीमिश्रित मातीचा पातळ थर लागतो. मूठभर घेतली तर निम्मी खडीच. उरलेल्या निम्म्यात बोटांनी चाचपत गेलं की बाभळीच्या कुळातल्या झुडपांच्या काळ्या, चकचकीत बिया हाताला लागतात. कवच इतकं टणक की नखाने ओरखडा उठत नाही. काही बियांच्या टोकाला पांढरट, तेलकट गर चिकटलेला असतो. मुंग्या त्या गरासाठी बी वारुळात ओढून नेतात, गर खातात आणि बी तिथेच टाकतात, म्हणजे एका परीने पेरतात. त्याशिवाय डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक बिया, मुळांना वेढून राहणारे बुरशीचे तंतू, जिवाणू, कुजत आलेली साल. यातल्या जिवंत बियांपैकी बहुतांश वरच्या ५ सेंटीमीटरांतच असतात. जंगल शंभर फूट उंच असलं तरी त्याचं पुढचं आयुष्य या चार-पाच बोटांच्या थरात साठवलेलं असतं.

आता इथे बुलडोझर आला आणि त्याने अर्धा मीटर माती एकदम खरवडली, तर बिया त्या साऱ्या मातीत मिसळून जातात. पुन्हा पसरल्यावर त्यांतल्या बऱ्याच इतक्या खोल गाडल्या जातात की अंकुर पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. म्हणून माती दोन टप्प्यांत काढायची पद्धत पडली. आधी वरची सुमारे १५ सेंटीमीटर, मग तिच्याखालची, आणि परत टाकताना उलट क्रमाने. दुसरा धोका ढिगाऱ्याचा. वरची माती काढून वर्षभर ढीग घालून ठेवली की आत ओल आणि ऊब राहते, हवा जात नाही. काही बिया आतल्या आत रुजून मरतात, काही कुजतात, बुरशीचे तंतू तुटून जातात. विरजण उन्हात आठवडाभर ठेवून दही लागेल अशी आशा धरण्यासारखंच ते. म्हणून जाराच्या खाणींत होता होईल तो माती साठवायचीच नाही असं ठरलं. एका जागेची माती खरवडायची आणि ताबडतोब, तयार करून ठेवलेल्या दुसऱ्या जागेवर नेऊन पसरायची. ऐकायला हे सोपं वाटतं, पण यासाठी एक खड्डा उघडतो त्याच वेळी दुसरा मिटायला तयार असावा लागतो. खाणीचं सगळं वेळापत्रक त्याभोवती बांधावं लागतं. शिवाय हे काम कोरड्या दिवसांतच करायचं, कारण तिथे पाऊस हिवाळ्यात येतो आणि एकदा ओल लागून बी रुजायला निघालं की माती हलवणं म्हणजे ते मारणं.

माती पसरण्याआधी तळाचं काम असतं. अवजड डंपर वर्षानुवर्षं फिरून खड्ड्याचा तळ दगडासारखा दबलेला असतो. बुलडोझरच्या मागे लांब फाळ जोडून तो मीटर-दीड मीटर खोल फाडतात, उताराला आडवा, समपातळीवर, म्हणजे पाणी वाहून न जाता मुरतं आणि मुळांना खाली जायला वाट मिळते. जारा कोरड्या उन्हाळ्यात टिकतो तो खोल गेलेल्या मुळांच्या बळावर. वाट बंद असली तर दोन-तीन वर्षं रोप हिरवं दिसतं आणि मग थांबतं.

दबलेल्या मातीचा हा मुद्दा अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकला. तिथल्या ॲपलेशियन डोंगरांत कोळशाच्या उघड्या खाणींनी वाताहत केल्यावर १९७७ साली कडक कायदा झाला. जमीन पूर्ववत आकारात आणा, दरडी कोसळू देऊ नका, धूप थांबवा. हेतू चांगलाच होता. पण दरड कोसळू नये म्हणून कंपन्यांनी माती बुलडोझरने पुन्हा पुन्हा दाबून घट्ट केली आणि धूप थांबावी म्हणून वर झपाट्याने वाढणारं परदेशी गवत पेरलं. एका काळी घनदाट जंगल असलेले डोंगर अशा रीतीने घट्ट, गवताळ माळ झाले, जिथे झाडाचं रोप तगत नव्हतं. २००४ च्या सुमारास शास्त्रज्ञ, सरकारी खाती आणि खाणवाले एकत्र येऊन नवी पद्धत रुजवू लागले. तिचा गाभा एका वाक्यात मावतो: वरची चार फूट माती सैल ठेवा आणि तिच्यावर अवजड यंत्र फिरवू नका.

जाराच्या जंगलाकडे परत येऊ. माती आली, जमीन फाडली, आता बी. मातीतल्या बिया पुरत नाहीत म्हणून जंगलातून गोळा केलेलं बी नुकत्याच फाडलेल्या जमिनीवर पाऊस यायच्या आत पेरतात. पावसाने पृष्ठभागावर पापुद्रा धरला की बी वरच पडून राहतं. पेरणीला उशीर झाला की उगवण घटते, हे नोंदींत स्वच्छ दिसलं.

काही जाती मात्र कितीही बी टाकलं तरी उगवतच नव्हत्या. याचं उत्तर आगीत होतं. हे जंगल वणव्यांसोबत वाढलेलं आहे, इथले मूळ रहिवासी नूंगार लोक हजारो वर्षं इथे ठरवून, थोडी थोडी आग लावत आले. टणक कवचाच्या बियांना आगीची धग लागते, हे माहीत होतं. पण कित्येक बिया धगीला नव्हे, धुराला जाग्या होतात, हे आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग ऑस्ट्रेलियात लक्षात आलं. पर्थमधल्या किंग्ज पार्क वनस्पती उद्यानातल्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली धुरातलं ते नेमकं रसायन वेगळं काढलं. करिकिनोलाइड हे त्याचं नाव, आणि ते इतकं प्रभावी की पाण्यात अत्यल्प असलं तरी बी रुजतं. खाणीसाठीच्या बिया त्यापूर्वीपासूनच धुरी देऊन पेरल्या जात होत्या, आता त्यामागचं कारणही कळलं.

उरल्या त्या खऱ्या हट्टी जाती. लव्हाळ्यासारख्या, आगीनंतर जमिनीतल्या गड्ड्यातून फुटणाऱ्या, क्वचितच बी धरणाऱ्या. यांना बियांची गरजच फारशी नसते, एक रोप कित्येक दशकं जगतं. पण खाणीने गड्डाच उखडला की त्या संपल्या. यांच्यासाठी मॅरिनप इथल्या रोपवाटिकेत प्रयोगशाळा उभी राहिली. ऊतिसंवर्धनाने आणि छाट कलमांनी रोपं करायची आणि पावसाळ्यात हाताने, एकेक करून लावायची. रानातल्या साध्यासुध्या, कुणाचं लक्षही जाणार नाही अशा गवतासारख्या रोपासाठी एवढा खटाटोप! मला या सगळ्यात या रोपवाटिकेचं अप्रूप सर्वात जास्त वाटतं. उपयोग काय, किंमत काय, हे न विचारता ‘ते इथलं आहे’ एवढ्या एका कारणासाठी ती रोपं वाढवली गेली.

२००१ च्या सुमारास आकडा जुळला. पंधरा महिन्यांच्या नव्या रानात शेजारच्या जंगलाइतक्याच जाती सरासरीने मिळू लागल्या. त्याआधी १९९० मध्येच कंपनीला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या ‘ग्लोबल ५००’ यादीत स्थान मिळालं होतं. २००५ साली जाराडेलच्या ९७५ हेक्टरांना सरकारने काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

पण जातींची संख्या जुळली म्हणून जंगल जुळत नाही. एक उदाहरण पाहा. सुरुवातीला बाभळीच्या कुळातल्या झुडपांचं बी सढळ हाताने टाकलं जायचं. ती लवकर उगवतात, हवेतला नत्र मातीत आणतात, जमीन झाकतात. पण ती इतकी माजली की इतर रोपांना उजेड मिळेना, आणि आठ-दहा वर्षांत ती एकदम मेली तेव्हा वाळक्या काड्यांचे ढीग उभे राहिले, वणव्याला आयतं सरपण. झाडंही गरजेपेक्षा दाट उगवली, त्यांनी जमिनीतलं पाणी शोषून घेतलं. पुढे बियांचं प्रमाण घटवावं लागलं. खताचंही तसंच. इथल्या वनस्पती स्फुरद कमी असलेल्या मातीत वाढलेल्या असतात, जास्त खत दिलं की तण आणि बाभळीच माजतात.

मग प्राणी. मुंग्या आधी आल्या. जोनाथन मेजर या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून खणलेल्या जागांवरच्या मुंग्या मोजल्या आणि मुंग्यांच्या जाती जितक्या जास्त तितकं ते रान जागेवर येऊ लागलं आहे, हे दाखवलं. मुंग्या बिया हलवतात, माती पोखरून हवा खेळती ठेवतात, दुसऱ्यांचं अन्न होतात. पक्षी भोवतीच्या जंगलातून उडून आले. लहान सस्तन प्राणीही सरकत आले. सरपटणारे प्राणी मागे राहिले. नेपोलियन स्किंक नावाचा एक मोठा सापसुरळीसारखा सरडा आहे. तो पडलेल्या ओंडक्यांखाली आणि भेगांत राहतो. नव्या रानात झुडपं आहेत, पाला आहे, किडे आहेत, पण जुना, पोकळ, सालीखाली फटी पडलेला ओंडका नाही, म्हणून तो तिथे जवळपास आढळतच नव्हता. यावर उपाय म्हणून खाणीसाठी तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि मोठे दगड परत आणून त्यांचे ढीग रचले जातात. एखादं लाकूड जाळून टाकायचं की जागेवर ठेवायचं, यावर एका प्राण्याचं घर ठरतं.

ओंडका आणता येतो, ढोली आणता येत नाही. या जंगलात काळ्या काकाकुव्यांच्या तीन जाती आहेत, मोठे, कर्कश ओरडणारे, आज धोक्यात आलेले पक्षी. मारी आणि जाराची फळं फोडून ते बिया खातात. खाणीनंतरच्या रानात लावलेली झाडं साधारण आठव्या वर्षी फळायला लागली की काकाकुवे तिथे चरायला येतात, हे नोंदलं गेलं आहे. आनंदाचीच गोष्ट आहे ती. पण अंडी घालायला त्यांना जुन्या झाडातली खोल, रुंद ढोली लागते, आणि तशी ढोली पडायला जाराला शंभर-दीडशे वर्षांहून जास्त काळ लागतो. खाणीनंतर लावलेलं सर्वात जुनं झाड अजून साठीचं आहे.

२०२४ साली ‘रिस्टोरेशन इकॉलॉजी’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या पुनर्स्थापनेचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. त्या देशात पुनर्स्थापनेसाठी पाच ताऱ्यांची राष्ट्रीय मोजपट्टी आहे. तिच्यावर या कामाला त्यांनी दोन तारे दिले. कंपनीने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. लेखकांमध्ये किंग्ज्ली डिक्सन होते, धुराच्या संशोधनातले एक आघाडीचे शास्त्रज्ञ. म्हणजे हे जंगल परत आणण्यासाठी ज्यांनी सर्वात मोठा हातभार लावला त्यांच्यापैकीच एक जण आज म्हणतो आहे की हे जंगल परत आलेलं नाही. मला हा निर्णय कठोर वाटत नाही. इतक्या वर्षांचं उत्तम काम आणि तरीही दोन तारे, याचा अर्थ ज्या जंगलाखाली बॉक्साइट आहे ते खणायचं की नाही हा प्रश्न आधी सोडवायचा असतो. ‘नंतर लावू’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

आता आपल्याकडे. गोव्यात एक टन लोहखनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते आणि तिचे डंप डिचोली, सत्तरी, सांगे भागात डोंगरांशी डोंगर होऊन उभे आहेत. गोव्याचा पाऊस त्या डंपांवर कोसळतो तेव्हा लाल माती ओहोळांतून शेतात उतरते, म्हणून ते झाकणं निकडीचं होतं. त्यासाठी निवडलं गेलं ते अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचं झाड. कोकणपट्टीत याला सगळे ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा नुसतं अकेशिया म्हणतात. नापीक डंपावर ते खरोखर झपाट्याने वाढतं. पण त्याची जाड, कोयत्याच्या आकाराची पानं लवकर कुजत नाहीत, खाली कोरडा थर साचत जातो, आणि त्या थरात किंदळ, कुंभा, आईन किंवा करवंद सहज डोकं वर काढत नाही. ऑस्ट्रेलियाने स्वतःच्याच दुसऱ्या टोकाची झाडं जाराच्या खड्ड्यांत लावून वीस वर्षं घालवली. तो धडा आपल्याला फुकट मिळाला होता.

विदर्भात दुसरी बाजू दिसते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर बरंच आधी महत्त्वाचं काम केलं. त्या ढिगाऱ्यात सेंद्रिय अंश जवळपास नव्हता, जिवाणू नव्हते. साखर कारखान्यातली प्रेसमड घालून, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी नांदणारी मायकोरायझा बुरशी रोपांना लावून तिथे साग, शिवण अशी झाडं उभी केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर हेच तत्त्व वापरून १० हेक्टरांवर प्रयोग झाला. तिथे सांडपाणी शुद्धीकरणाचा गाळ हेक्टरी ५० टन घातला, आणि आधी मातीत नावालाही नसलेले जिवाणू आणि बुरशी वाढल्याचं मोजून दाखवलं. मृत माती जागी करण्याचं हे ज्ञान आपल्या घरचं आहे. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे शेजारच्या जंगलातल्या सगळ्या जाती, झुडपांसह आणि गवतांसह त्या मातीवर आणणं, ती मात्र बहुतेक ठिकाणी चढली गेली नाही.

ती न चढल्याने काय होतं ते चंद्रपूरच्या लोकांना ठाऊक आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) दुर्गापूर परिसरातले ढिगारे आणि महाऔष्णिक वीज केंद्राचा आवार इथे वेड्या बाभळीचं काटेरी रान माजलं आहे. त्यात वाघ आणि बिबटे राहतात. २०२२ साली तिथे त्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. ‘पाहा, खाणीवर वाघ परतला’ असं म्हणणं त्या कुटुंबांच्या तोंडावर तरी कुणाला जमणार नाही. वेडी बाभूळ लपायला आडोसा देते, पण तिच्याखाली चितळ-सांबरांना चरायला पवन्या, कुसळी, मारवेल यांसारखं गवत नाही. मग रानडुकरं, भटकी कुत्री, शेळ्या-गुरं यांच्या मागे वाघ वस्तीच्या कडेला येतो. गवत आणि पाणी खाणीच्या आतल्या बाजूला, वस्तीपासून दूर आणता आलं असतं तर त्या वाघाची आणि त्या माणसांची वाट कमी वेळा आडवी आली असती.

८ जानेवारी २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने कॉमन कॉज प्रकरणात या बाबतीत एक महत्त्वाचा आदेश दिला. खाणकाम संपल्यावर खाणीची आणि खाणीमुळे बिघडलेली इतर जमीन पुन्हा गवताखाली आणावी, ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्यासाठी योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यातच घालावी. न्यायालयाने गवत म्हटलं, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे ‘पर्यावरण’ म्हटलं की रोपांचा आकडा पुढे येतो, आणि गवत म्हणजे रिकामी जागा असं मानून त्यावरही खड्डे घेतले जातात.

याचा सर्वात मोठा फटका सड्यांना, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांना बसतो. दापोली-मंडणगड भागात आणि कोल्हापूरच्या राधानगरी-शाहूवाडीच्या पठारांवर बॉक्साइट आहे, जाराच्या डोंगरांतल्यासारखंच जांभ्यात तयार झालेलं, आणि त्याच्या खाणीही चालत आल्या आहेत. पण या कातळावर जंगल नव्हतंच. तिथली मूळ वनस्पती म्हणजे पावसाळ्यात तीन-चार महिने जगणारी बारीक फुलझाडं. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, डबक्यांतला वायतुरा. इंच-दोन इंच माती, तीही कातळाच्या खळग्यांत, आणि तिच्यावर हे सगळं. आंबोलीचा वाघ्या भेक कातळावरच्या उथळ, लवकर सुकणाऱ्या डबक्यांत अंडी घालतो. पांढऱ्या पट्ट्यांची एक जमिनीवर राहणारी पाल फक्त कोकणच्या सड्यांवर, सुट्या दगडांच्या खाली सापडते, जाराच्या ओंडक्याखालच्या त्या स्किंकसारखीच एका विशिष्ट आडोशाला बांधलेली. इथे कातळ फोडून बॉक्साइट काढलं आणि वर माती पसरून काजू किंवा अकेशिया लावलं, तर कागदोपत्री हेक्टरी शेकडो झाडं दिसतील, आणि सड्याचं जे होतं ते सगळं गेलेलं असेल. कातळाचा पापुद्रा पुन्हा तयार करण्याची युक्ती कुणाकडेही नाही. जाराच्या जंगलात निदान ढोलीसाठी दीडशे वर्षं थांबता येतं, सड्यासाठी किती थांबणार?

तरीही जिथे खाणपट्टा दिलेलाच आहे तिथे करण्यासारखं पुष्कळ आहे. खळग्यांतली ती इंचभर माती पावसाळा संपून बी गळल्यावर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात वेगळी उचलावी आणि ढीग न घालता खणून झालेल्या भागात लगेच पसरावी. सुटे दगड क्रशरला न पाठवता तिथेच ठेवावेत. पठाराचा काही भाग अखंड राखावा, म्हणजे बी आणि बेडूक यायला जवळ काही तरी शिल्लक राहील. आणि परवानगीसाठी जे सर्वेक्षण होतं ते जुलै ते सप्टेंबरात, भर पावसात व्हावं. मे महिन्यात सड्यावर गेलेल्या माणसाला काळा-तांबडा, तापलेला कातळ आणि वाळक्या गवताच्या चार काड्या दिसतात, तो अहवालात ‘पडीक जमीन’ लिहून परत येतो. त्यानंतर पुनर्स्थापनेच्या आराखड्यात गेंद किंवा वायतुरा यांची नावं येण्याची शक्यताच उरत नाही, कारण ते तिथे होते अशी नोंदच कुठे नसते.